दोन वेगळी सिंथेटिक ऑइले एकत्र केली तर

लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडले, डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली, आणि ऑइलची रेघ खालच्या खुणेला जेमतेम टेकलेली दिसली. कपाटात मागच्या वेळचा अर्धा डबा शिल्लक होता. त्यावरही ‘फुल्ली सिंथेटिक’ असेच छापलेले होते, पण कंपनी वेगळी होती आणि इंजिनात ५डब्ल्यू-३० असताना हे ऑइल ५डब्ल्यू-४०, म्हणजे दाटपणाच्या वेगळ्या ग्रेडचे होते. ओतावे की न ओतावे, या प्रश्नाने त्या दिवशी माझी चांगली तासभर करमणूक केली. शेवटी अर्धा लिटर ओतले, प्रवास झाला, इंजिनाने कुरकुर केली नाही. मात्र तो निर्णय बरोबर होता म्हणून सगळे निभावले की केवळ नशीब म्हणून, हे मला तेव्हा सांगता आले नसते. नंतर वाचन केले, घरच्या घरी एकदोन प्रयोग केले, एकदा फजितीही झाली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

ऑइल एकत्र केल्याने ते दह्यासारखे विरजते, इंजिनात गोळे होतात, सील फाटतात, असे जे सांगितले जाते ते आजच्या मोटारींच्या इंजिन ऑइलबाबत जवळजवळ कधीच घडत नाही. पण ‘एकत्र होते’ आणि ‘एकत्र केलेले ऑइल इंजिनाला हवे तसे काम करते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक चर्चा पहिल्या गोष्टीवरच संपते.

आधी ‘सिंथेटिक’ या शब्दाचे पाहू, कारण हा शब्द डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि सर्वांत कमी माहिती देतो. इंजिन ऑइलचा मोठा भाग हा मूळ तेलाचा असतो आणि उरलेला भाग त्यात घातलेल्या रसायनांचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, या मूळ तेलांचे पाच गट करते. पहिल्या दोन गटांतली तेले कच्च्या तेलापासून शुद्ध केलेली, म्हणजे आपण ज्यांना मिनरल म्हणतो ती. तिसऱ्या गटातले तेलही कच्च्या तेलापासूनच सुरू होते, पण हायड्रोजनच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली त्याच्या रेणूंची इतकी मोडतोड आणि जुळवाजुळव केलेली असते, की तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा फारसा ढळत नाही; हा गुण मोजणारा व्हिस्कॉसिटी इंडेक्स त्यात १२० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, ज्याला सारे जण पीएओ म्हणतात. हे तेल लहान रेणू एकमेकांना जोडून कारखान्यात घडवलेले असते. या चारांत न बसणारे सगळे काही पाचव्या गटात जाते, मग ते एस्टर असो, पॉलिग्लायकोल असो की आणखी काही.

एके काळी सिंथेटिक म्हणजे चौथा आणि पाचवा गट, असेच समजले जाई. तिसऱ्या गटातल्या तेलाला कॅस्ट्रॉलने सिंथेटिक म्हणून विकायला सुरुवात केली तेव्हा मोबिलने अमेरिकेतील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाकडे तक्रार केली, आणि १९९९ साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बाजारातल्या ‘फुल्ली सिंथेटिक’ डब्यांत तिसऱ्या गटाचेच तेल मोठ्या प्रमाणात असते. जर्मन डब्यांवर अशा तेलाला ‘एचसी-सिंथेसिस’ असे वेगळे नाव दिलेले अनेकदा आढळते, तेवढाच काय तो प्रामाणिकपणा. नैसर्गिक वायूपासून बनवलेले तेलही आता यात आले आहे. कतारमधील रास लाफान येथील शेलचा पर्ल प्रकल्प त्यासाठी ओळखला जातो.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की ‘वेगवेगळ्या प्रकारची सिंथेटिक ऑइले एकत्र चालतील का’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर डबा भरण्यापूर्वी कारखान्यातच दिलेले असते. निव्वळ पीएओ वापरले तर रबरी सील किंचित आकसतात आणि रसायनेही त्यात नीट विरघळत नाहीत; एस्टर मात्र सील फुगवते आणि रसायनांना सामावून घेते. म्हणून कारखानदार पीएओमध्ये थोडे एस्टर मिसळतात, कधी तिसऱ्या गटाचे तेलही मिसळतात. सेमी-सिंथेटिक ऑइल तर मिनरल आणि सिंथेटिक यांचे उघड मिश्रणच असते. ज्या मिश्रणाला आपण घाबरतो ते आपण डब्यातून विकतच आणलेले असते.

याची खात्री करून घेण्यासाठी मी काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिंथेटिक ऑइले निम्मी निम्मी घालून हलवली. दुसरीत एका सिंथेटिक ऑइलमध्ये तेवढेच एरंडेल घातले आणि तीही हलवली. पहिली बरणी मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी होती आणि महिनाभराने पाहिली तेव्हाही तशीच होती. तळाला साका नाही, वर साय नाही. दुसरी बरणी हलवल्याबरोबर ताकासारखी गढूळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडेल खाली व ऑइल वर, मधे स्पष्ट रेघ, असे दोन थर दिसू लागले. एरंडेल हे उत्तम वंगण आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत तेच वापरत, आणि कॅस्ट्रॉल हे नावही त्याच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. पण खनिज तेलाशी त्याचे जमत नाही. पाचव्या गटातल्या पॉलिग्लायकोलचेही सर्वसाधारणपणे असेच आहे. ते काही कॉम्प्रेसरांत आणि गिअरपेट्यांत वापरतात, आणि तिथे ते हायड्रोकार्बन तेलात मिसळू देणे ही गंभीर चूक ठरते. मोटारीच्या नेहमीच्या इंजिन ऑइलच्या डब्यात मात्र ते सापडत नाही.

बरणी पाहून कोणी निष्कर्ष काढू नये, हे मलाही ठाऊक आहे. तोच प्रयोग शिस्तीने करण्याची एक प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम डी६९२२ या क्रमांकाची. तीत नवे ऑइल ठरावीक संदर्भ-ऑइलांमध्ये मिसळून थंड आणि गरम करतात आणि ते कुठे फुटते, वेगळे होते किंवा साका धरते का ते पाहतात. पेट्रोल मोटारींच्या ऑइलला आजच्या दर्जाचे प्रमाणपत्र हवे असेल तर ही कसोटी पार करावी लागते. त्यामुळे ज्या दोन डब्यांवर एपीआयचे चालू प्रमाणपत्र आहे ती ऑइले एकमेकांत मिसळतील, हा माझा अंदाज नसून प्रमाणपत्राची अटच आहे.

इथपर्यंत सारे सुरळीत आहे. खरी गुंतागुंत त्यातल्या रसायनांची आहे.

ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल यांना तोंड देणारे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे डिटर्जंट असतात, मळ तरंगता ठेवणारे डिस्पर्संट असतात, झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग असते, घर्षण कमी करणारे मॉलिब्डेनम असू शकते, ऑइल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून लांब साखळ्यांचे पॉलिमर असतात, थंडीत गोठू नये म्हणून आणखी एक द्रव्य असते, आणि फेस मोडण्यासाठी दशलक्षात मोजके काही भाग सिलिकोन असते. यातले प्रत्येक द्रव्य दुसऱ्याच्या वाट्याची जागा बळकावू पाहते. झीज रोखणारे संयुग आणि घर्षण कमी करणारे संयुग दोघेही धातूच्या त्याच पृष्ठभागावर बसू पाहतात. डिटर्जंटचे प्रमाण वाढले तर तेही या स्पर्धेत उतरते. कारखान्यातील रसायनतज्ज्ञ हा तोल महिनोन्‌महिने इंजिने चालवून साधतात. आपण दोन तोल एकत्र करतो तेव्हा तिसरा तोल साधेलच असे नाही. बहुतेक वेळा तो बऱ्यापैकी साधतो, कारण जगातल्या बहुतांश कंपन्या ही रसायनांची तयार पुडी लुब्रिझॉल, इन्फिनियम, शेव्हरॉन ओरोनाइट आणि ॲफ्टन या चौघांपैकीच कोणाकडून तरी घेतात, आणि सर्वांना पार करायच्या कसोट्या त्याच असतात. तरीही तयार झालेल्या मिश्रणाची कसोटी कोणीच घेतलेली नसते, एवढे लक्षात ठेवावे.

ऑइले एकमेकांत मिसळून खरोखर गाळ झाल्याची उदाहरणे जिथे मिळतात ते क्षेत्र बहुधा टर्बाइनसारख्या औद्योगिक यंत्रांचे असते. तिथल्या काही ऑइलांत गंज रोखण्यासाठी आम्लधर्मी द्रव्य असते, आणि त्यात अल्कधर्मी डिटर्जंट असलेले इंजिन ऑइल पडले की साबणासारखा गाळ तयार होऊन फिल्टर तुंबतात. विरजण्याच्या दंतकथेचा उगम बहुधा तिथेच असावा.

आता दाटपणा. डब्यावरचे आकडे एसएई जे३०० या मानकातले असतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक पट्टा असतो. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ यांच्या दरम्यान. म्हणजे एका कंपनीचे १२.३चे ‘तीस’ आणि दुसऱ्या कंपनीचे १२.८चे ‘चाळीस’ हे जवळजवळ जुळे भाऊ असतात, तर एकाच ग्रेडची दोन ऑइले परस्परांपासून त्याहून दूर असू शकतात. मिश्रणाचा दाटपणा सरासरीने येत नाही, हेही सहसा कोणी सांगत नाही. तो पातळ ऑइलच्या बाजूला झुकतो. ८ आणि १६ सेंटिस्टोकची दोन ऑइले निम्मी निम्मी घेतली तर उत्तर १२ येत नाही, ११च्या आसपास येते. माझ्या त्या अर्ध्या लिटरचा विचार केला, तर चार लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात साडेतीन लिटर ५डब्ल्यू-३० आणि अर्धा लिटर ५डब्ल्यू-४० असल्यावर मिश्रण थोडेसे जाड झाले असेल, पण बहुधा ३० ग्रेडच्या पट्ट्यातच राहिले असेल. याच्या उलट, ४० ग्रेड आणि अधिक दाब सोसणारी पापुद्र्यासारखी फिल्म मागणाऱ्या इंजिनात ०डब्ल्यू-२० ओतणे मला अजिबात रुचत नाही. बेअरिंगमधल्या प्रचंड ताणाखाली, १५० अंशाला मोजल्या जाणाऱ्या दाटपणाची किमान मर्यादा २० ग्रेडला २.६ मिलिपास्कल-सेकंद आहे आणि ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० यांना ३.५, तिथे सूट घेण्यासारखे काही नाही.

‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा थंडीचा असतो आणि मिश्रणाबाबत सर्वांत बेभरवशाचा तोच असतो. ०डब्ल्यूची सुरुवातीची कसोटी उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशाला. एक ०डब्ल्यू आणि एक ५डब्ल्यू मिसळले तर मिश्रण किमान ५डब्ल्यू तरी असेल, असे समजणे स्वाभाविक आहे, पण ते गृहीत धरता येत नाही. गोठण रोखणारे द्रव्य विशिष्ट मूळ तेलाला जुळवून निवडलेले असते आणि दुसऱ्या तेलात ते तितकेच काम करेल असे नाही. १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स परिसरात अनेक इंजिने निकामी झाली होती. तिथे ऑइले मिसळलेली नव्हती. त्या काळच्या साऱ्या कसोट्या पार केलेलीच ऑइले होती. पण थंडी ज्या संथ गतीने उतरत-चढत गेली त्या गतीची कसोटी कोणी घेतलेली नव्हती; ऑइलचा जेलीसारखा थर झाला आणि पंपाला ते ओढता आले नाही. त्यानंतर थंड करण्याचा संथ क्रम असलेली नवी कसोटी आली. प्रमाणित ऑइलचे असे होऊ शकते, तर कडाक्याच्या थंडीत स्वतः केलेल्या मिश्रणावर विसंबणे मी तरी टाळेन. उष्ण प्रदेशात हा मुद्दा जवळजवळ गैरलागू आहे.

आता ‘सिंथेटिकच तर आहे’ हे वाक्य जिथे नडते त्या जागा. माझी फजिती मोटारसायकलीची. एका गॅरेजमध्ये ऑइल कमी असल्याचे पाहून मेकॅनिकने मोटारीचे ५डब्ल्यू-३० जवळजवळ अर्धा लिटर ओतले. मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “साहेब, सिंथेटिकच आहे, तुमच्यापेक्षा महागातलं आहे.” तिसऱ्या दिवशी चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग होता तिथेच राहिला. क्लच घसरत होता. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या चकत्या त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि त्यांना घर्षण हवे असते. मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये मात्र इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात. म्हणून मोटारसायकलीच्या डब्यावर जपानी मानकाचे ‘जॅसो एमए’ किंवा ‘एमए२’ पाहायचे असते. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे, ओल्या क्लचला न चालणारे. मोटारीच्या डब्यावर एपीआयच्या गोल चिन्हात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतील तर तो डबा मोटारसायकलीपासून दूर ठेवावा. मी ऑइल काढून योग्य ऑइल भरले, थोडे अंतर चालवून पुन्हा बदलले, आणि क्लच पूर्ववत झाला. चकत्या जळल्या असत्या तर तेही कामी आले नसते.

दुसरी जागा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीची. ऑइल जळल्यावर त्यातल्या धातूंची राख या फिल्टरमध्ये साठते. काजळी जाळून टाकता येते, राख मात्र जळत नाही. म्हणून एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या सी३ वर्गात राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही, आणि ए३/बी४ वर्गाच्या ऑइलमध्ये ते याहून बरेच जास्त असते. पाच लिटरपैकी साडेचार लिटर ०.८ टक्क्याचे आणि अर्धा लिटर समजा १.४ टक्क्याचे असेल, तर मिश्रणात ०.८६ टक्के राख आली. एका टॉप-अपने फिल्टर तुंबत नाही, पण ऑइल खाणाऱ्या गाडीत वर्षभर असेच टॉप-अप केले तर मूळ ऑइल निवडण्यामागचा हेतूच संपतो. दोन्ही डबे सिंथेटिक, दोन्ही ५डब्ल्यू-३०, दोन्ही उत्तम, आणि तरीही एक चूक.

तिसरी जागा लहान टर्बो पेट्रोल इंजिनांची. कमी वेगात जोर दिला असता त्यात इंधन अवेळी पेटण्याचा धोका असतो आणि कॅल्शियमयुक्त डिटर्जंट तो वाढवते, असे आढळल्यावर नव्या दर्जाच्या ऑइलांत ही बाब कसोटीला धरली गेली. मे २०२०पासूनच्या ‘एपीआय एसपी’ दर्जात ती आहे. कपाटात पडलेला ‘एसएन’ या जुन्या दर्जाचा डबा अशा इंजिनात ओतणे म्हणजे हे संरक्षण पातळ करणे.

माझी स्वतःची पद्धत आता अशी आहे. डब्याची पुढची बाजू मी पाहतच नाही, मागची पाहतो. गाडीच्या पुस्तिकेत जे मानक दिलेले आहे, म्हणजे एपीआयचा दर्जा, एसीईएचा वर्ग किंवा वाहन कंपनीचा स्वतःचा क्रमांक, तेच मानक दोन्ही डब्यांवर असेल आणि ग्रेड तीच असेल, तर कंपनी वेगळी असो, मूळ तेल पीएओ असो की तिसऱ्या गटाचे, मी अर्धा-एक लिटर विनासंकोच ओततो. मानक तेच पण ग्रेड शेजारची असेल तर गरजेपुरते ओततो आणि पुढची बदली थोडी आधी करतो. मानकच वेगळे असेल तर एकच प्रसंग उरतो: ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले आहे आणि दुसरे ऑइल मिळणार नाही. तेव्हा चुकीचे ऑइलही कोरड्या पंपापेक्षा हजारपट बरे. रसायनांचा बिघडलेला तोल महिन्यांनी जाणवेल, बेअरिंग काही मिनिटांत जाते. शिवाय वेगवेगळ्या डब्यांतले उरलेसुरले एकत्र करून पूर्ण भरणी करणे मी टाळतो. टॉप-अपमध्ये परके ऑइल अष्टमांश असते, अशा भरणीत मात्र कोणतेच ऑइल घरचे नसते.

आणि एवढे करूनही इंजिनात कधीच एक निव्वळ ऑइल नसते. ड्रेन प्लग काढून ठिपके थांबेपर्यंत वाट पाहिली तरी ऑइलच्या वाहिन्यांत, कूलरमध्ये आणि सिलिंडर हेडच्या खोलगट जागांत जुने ऑइल काही प्रमाणात उरतेच, आणि नवे त्यातच मिसळते. म्हणून कंपनी बदलताना फ्लशिंगचे वेगळे रसायन घालण्याची मला गरज वाटत नाही. उलट तेच रसायन थोडे आत राहते आणि नव्या ऑइलला पातळ करते. त्या संध्याकाळच्या अर्ध्या लिटरची नोंद मी सर्व्हिसच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि डब्यामागचा पूर्ण मजकूर यांसह केली आहे, आणि पुढची बदली दीड हजार किलोमीटर आधी उरकली.